सहा बाळंतिणींचा ओंडका

चुलीत घालण्याआधी लाकूड तीनदा जमिनीवर आपटायचं, मग ते भिंतीला उभं टेकवून सावकाश दहापर्यंत मोजायचं, आणि "उतरलं काय गा समदं?" असं त्या लाकडालाच विचारून मगच आगीत सारायचं, असं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिचं नाव तुळसाक्का. गणेशगुडीजवळच्या एका जंगलातल्या लॉजवर मी सहा वर्षं मॅनेजर होतो, तिथली न्हाणीची चूल तिच्याकडे होती. आठ खोल्यांच्या पाहुण्यांना सकाळी अंघोळीचं पाणी तापवून देणं हे तिचं काम. पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे असायचे आणि ही बाई लाकडाशी गप्पा मारत बसायची. बोलणी मला खावी लागायची. पहिल्या महिन्यात मी तिच्यावर तीनदा तरी खेकसलो असेन.

"तम्मा," ती म्हणाली. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी कितीही मॅनेजर असलो तरी तिच्या लेखी तेवढाच. "लाकडात कोन हाय ते इचारल्याबिगर जाळ लावू न्हाई. तू खोलीत निजलायस आन कोनी न इचारता काडी लावली, तर चालंल तुला?"

"पण अक्का, पाहुणे खोळंबलेत."

"त्येंच्या अंगाला आग लागली न्हाई न्हवं? मग थांबतील. मी काय दीसभर मोजतो व्हय?"

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, म्हणून तिचं बोलणं मी आहे तसंच लिहितो. तर, त्या दहा आकड्यांत लाकडातून काय काय उतरायचं! मुंग्या तर रोजच्या. विंचू, गोम, एकदा डोळे चोळत असल्यासारखा बसलेला बेडूक. अक्का प्रत्येकाला नावानं हाक मारल्यासारखं बोलायची आणि केरसुणीनं हळूच कुंपणाकडे वाट दाखवायची. पण सालीच्या फटीतून बोटाच्या पेराएवढी करडी पाल डोकं बाहेर काढायची, तेव्हा तिचा आवाज चढायचा. "बघ! बघ! बघ!" हे तीनदा. दोनदा तिनं कधीच म्हटलं नाही. आठही खोल्यांतले पाहुणे एकदम जागे व्हायचे आणि वाघ आला की काय म्हणून एकदोघे मोबाइल घेऊन पळत यायचे.

"काय आहे?"

"दिसाची पाल!"

पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. आठशे किलोमीटर गाडी हाकून जंगलात यावं आणि पाल बघावी, हे काही त्यांच्या यादीत नसायचं.

तुळसाक्का गुंदकडच्या एका वाडीतली. जातीनं कुणबी, घरचं भाताचं शेत, परड्यात कोंबड्या. पहाटेची पहिली जीप धरून यायची आणि दुपारच्या बसनं परत जायची. बुटकी, रुंद पावलांची, लुगडं गुडघ्यावर खोचलेली. हळू आवाजात बोलणं तिला येतच नव्हतं. मीठ संपलं हेही ती अशा उत्साहानं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, काहीतरी लाभ झालाय. वाडीत तिची ख्याती वेगळीच होती. कोंबडी अंड्यावर बसवायची असली की बायका हिला बोलवायच्या. कुठली कोंबडी खुडूक झालीय, तिच्याखाली किती अंडी ठेवायची, कुठलं अंडं भरलंय आणि कुठलं वांझ, हे ती मूठ वळून, अंडं उन्हाकडे धरून सांगायची. "माज्या हातचं अंड कवा वाया गेल्यालं न्हाई," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी मी ते तिच्या आधीच म्हणायचो आणि ती मला चापट मारायची.

या दिसाच्या पालीचं वेड तिनं मला नेमकं कधी लावलं ते आठवत नाही. मी मूळचा रामनगरचा, आजोळ खानापूरकडचं. पाल म्हटलं की अंगावर पडली तर अंघोळ करायची, एवढीच माझी विद्या. तिनं मला हाताला धरून जांभळाच्या खोडासमोर उभं केलं आणि म्हणाली, "ऱ्हा हुबा. हालू नको." पाच मिनिटं मला साल दिसत होती. सहाव्या मिनिटाला त्या सालीच्या एका तुकड्याला डोळा आहे असं दिसलं. गोल, काळाभोर, सोनेरी कड असलेला डोळा. मी ओरडलोच! तीही ओरडली. पाल शांतपणे खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकली.

"घरच्या पालीच्या डोळ्यात मांजरावानी फट आसती," अक्का सांगत होती, "कारन ती रातची. ही दिसाची, म्हनून हिचा डोळा मानसावानी गोल. पापनी न्हाई बघ. धूळ गेली की जिबंनं डोळा पुसती. आन जो गडी आसतो त्येचा गळा पिवळा. हळद लावल्यावानी! दुसरा गडी झाडावर आला की शेपटी वर वळवून गळा दावतो. भांडान न्हाई, नुसतं दावायचं. ज्येचा गळा लई पिवळा त्येचं झाड."

मी म्हणालो, "आपल्या लॉजच्या मालकांसारखं. तेही गळ्यातली साखळी दाखवतात." तर ती इतकी हसली की चुलीतला धूर नाकात जाऊन ठसका लागला.

एकदा कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक बाई सुट्टीला आल्या होत्या. मूळ अभ्यास त्यांचा माशांचा, पण शिकवायचं सगळंच. नाश्त्याला त्या सहज म्हणाल्या की पालीच्या बोटांखाली बारीक केसांची गादी असते, त्यामुळे ती काचेवरसुद्धा चढते. अक्का चहा घेऊन आली होती. ट्रे तिनं तिथेच टेकवला.

"घरची चढती. दिसाची न्हाई चढत."

"अहो, सगळ्याच पाली चढतात," बाई हसून म्हणाल्या.

अक्का वळली आणि गेली. मला वाटलं, वाईट वाटलं बहुतेक. दहा मिनिटांनी ती दोन मोकळ्या काचेच्या बरण्या घेऊन हजर. एकीत स्वयंपाकघरातली पाल, दुसरीत जांभळावरची. तोवर सगळं डायनिंग भोवती गोळा झालं होतं. घरची पाल बुडाशी क्षणभर थबकली आणि सरळ भिंतीनं चढून झाकणाला चिकटली. जांभळावरची पाय मारत होती, दोन पावलं चढायची आणि घसरून खाली. पुन्हा चढायची, पुन्हा घसरायची. बाईंनी चष्मा लावला आणि बरणीला नाक टेकवलं. बोटं लांब, बारीक, टोकाला नख, आणि खाली गादी अजिबात नाही. खरखरीत सालीवर आणि दगडावर नखांनी चालणारी जात ती. काच तिच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती.

"वीस वर्षं चुकीचं शिकवतेय हो मी!" बाई ओरडल्या. त्यांचा आनंद बघून आम्हा सगळ्यांनाच हसू फुटलं. फोटो सुरू झाले. पण अक्कानं बरणी उचलली. "झालं, झालं. तिचं झाड ते, तितंच सोडायची. दुसऱ्या झाडावर सोडली तर तिथली चावतील." आणि ज्या खोडावरून, खोडाच्या ज्या अंगावरून आणली होती, तिथेच नेऊन सोडली. त्या दिवसापासून बाईंनी पालींवर मिळेल ते वाचण्याचा सपाटा लावला आणि माझ्या मोबाइलवर अक्कासाठी निरोप पाठवायला लागल्या. नेटवर्क फक्त फाटकाजवळच्या दगडावर चढलं की यायचं. रोज सकाळी अक्का जीपमधून उतरली की आधी त्या दगडाकडे बोट दाखवायची. मी मुकाट चढायचो.

मालकांचं आणि तिचं मात्र एकदाच वाजलं. मालक बेळगावचे, माणूस चांगला, फक्त सगळं टापटीप लागायचं. एका हंगामाआधी त्यांनी रस्त्याकडेच्या सगळ्या झाडांना माणसाच्या उंचीएवढा चुना आणि वर गेरूचा पट्टा मारून घेतला. मला ते छानच दिसलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी अक्का हातातली बादली टाकून तरातरा ऑफिसात आली. "ऊठ. चल. बघ."

पांढऱ्याशुभ्र खोडावर करडी पाल चपातीवरच्या डागासारखी दिसत होती. आम्ही बघत असतानाच लांब शेपटीचा एक टकाचोर पक्षी आला, खोडाला लटकला आणि तिला उचलून घेऊन गेला. अक्कानं कपाळावर हात मारला. मालक त्याच दिवशी आले होते. ती थेट त्यांच्या गाडीसमोर उभी राहिली.

"मालकानु, तुमी पाकरांना ताट वाडून दिलासा!"

मालकांना आधी कळेना. कळल्यावर ते म्हणाले, पाऊस पडला की धुऊन जाईल. अक्का म्हणाली, पावसापतोर एक बी उरायची न्हाई. आणि तिनं वाट पाहिली नाही. शेण, माती आणि पाणी कालवून दोन दिवसांत तिनं एकटीनं एकवीस झाडांवर बोळा फिरवला. लॉजचा रस्ता सारवलेल्या चुलाणांची रांग वाटावी असा झाला. मालकांनी ते पाहिलं, मिशी ओढली आणि पुन्हा चुन्याचं नाव काढलं नाही.

एवढं सगळं सांगितलं ते एका ओंडक्यासाठी.

स्वयंपाकघराच्या मागे, पाणी झिरपतं त्या कोपऱ्यात, किंदळाचा एक जाडजूड ओंडका वर्षभर पडून होता. फोडायला कठीण म्हणून कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी थंडी संपता संपता लाकडं कमी पडली आणि अक्कानं पहार घेतली. सैल झालेली साल उचकटली आणि तिची किंकाळी मला पार फाटकापर्यंत ऐकू आली. मी हातातलं रजिस्टर घेऊन तसाच धावलो. या खेपेला 'बघ' तीनदा नव्हतं. ती नुसती बोट दाखवत होती.

सालीखालच्या फटीत, लाकडाला घट्ट चिकटवलेली, वाटाण्याएवढी गोल पांढरी अंडी. बारा. आणि त्यांच्या भोवती जुन्या अंड्यांच्या फुटून गेलेल्या चकत्या, म्हणजे ही जागा पहिल्यांदाच निवडलेली नव्हती.

"एक पाल दोनच घालती," अक्का धापा टाकत म्हणाली. "पोटात दिसत्यात की! खिडकीच्या जाळीवर बसली की खालनं बघ, दोन पांढरी दिसत्यात. घालती तवा अंड मऊ आसतं, मागल्या पायानं दाबून चिकटवती, मग ते टनक हुतं. बारा म्हंजे किती? सहा! सहा बाळंतिनी एकाच खोलीत!"

पुढं बाईंनी कळवलं की एकच पाल काही दिवसांनी पुन्हा येऊनही दोन घालते, तेव्हा सहाच असतील असं नाही. अक्का म्हणाली, "आसंल. पर मी सहाच धरतो." त्या ओंडक्याचं नाव लॉजवर 'बाळंतिणीची खोली' पडलं ते पडलंच. साल तिनं जागच्या जागी बसवली, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि आचाऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना बजावलं. मध्ये वळीव आला, ताडपत्री उडाली, सगळी लाकडं भिजली. पाहुणे गार पाण्यावरून कुरकुरायला लागले आणि आचारी म्हणाला, तो जाड ओंडका आतून तरी कोरडा असेल. अक्का जाऊन त्या ओंडक्याशेजारी फतकल मारून बसली. "आदी मला उचला." दुसऱ्या दिवशी तिनं जीपच्या टपावर घालून घरची नारळाची सोडणं आणली आणि त्यावर पाणी तापवलं.

असं जपत होती. आणि हे जपणंच नडलं.

सापडल्यानंतर आठवड्यानं मी मोबाइलवर ओंडक्याची चित्रफीत घ्यायला गेलो. अक्का आधीच तिथं होती. दोन्ही हात ओंडक्याखाली घालून तिनं तो जपून, अगदी तान्ह्याला कुशीवर वळवावं तसा, पाव वळसा फिरवला आणि पुन्हा गोणपाट सारखं केलं. 

"हे काय, अक्का?"

"रोज फिरवतो की. सकाळी येकदा. कोंबडी न्हाई का चोचीनं अंडी फिरवत? न फिरवली तर येका अंगाला चिकटत्यात आन मरत्यात. हितं आई न्हाई बसल्याली, मग कोन फिरवनार?" तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मीही मान डोलावली. मला तरी काय कळत होतं! मी ती चित्रफीत दगडावर चढून बाईंना पाठवली, खाली लिहिलं, 'अक्काची सेवा.'

मी दगडावरून उतरायच्या आत फोन वाजला. बाई निरोप पाठवायच्या, फोन कधी करत नसत. "थांबवा तिला!" त्या ओरडतच होत्या. "फिरवू नका म्हणावं! पालीचं अंडं कोंबडीसारखं नसतं. आतलं पिल्लू वरच्या अंगाला चिकटून वाढतं. अंडं उलटलं की ते गुदमरतं!"

अक्का दगडापाशीच उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिनं सगळं ऐकलं. सहा वर्षांत ती गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, "सात सकाळी फिरवलाय मी."

मग मात्र ती ओंडक्याकडे धावली. बाईंनी सांगितलं होतं, मूळचा होता तसा ठेवा आणि पुन्हा हलवू नका. पण मूळचा कसा होता? सात पाव वळशांनंतर कुणाला आठवणार! अक्का जमिनीवर पालथी झाली, गाल मातीला लावून ओंडक्याभोवती सरपटत फिरली. "हितं शेवाळं. म्हंजे ही वरली बाजू. हितं माती चिकटल्या आन पांढरी बुरशी, ही खालची. थांब, थांब, हितनं पान्याचा वगळ गेलाय, त्यो वरनं खालीच जानार न्हवं?" तिनं माझ्याकडून कोळसा मागवला, टोकावर खूण केली आणि आम्ही दोघांनी श्वास रोखून ओंडका फिरवला. दोन्हीकडून दगडांचा आधार लावला. नंतर त्याला वाऱ्यानंही हात लावायची सोय नव्हती.

आता फक्त वाट पाहायची. तिचं पाणी वेळेवर तापत होतं, पण मीठ संपलं हे ती साध्या आवाजात सांगायला लागली, आणि ते मला सोसेना. ही अंडी लाकडाला चिकटलेली, कोंबडीच्या अंड्यासारखी उन्हाकडे धरायची सोय नव्हती, म्हणून मी बाईंना विचारलं, काही कळायचा मार्ग आहे का. त्यांनी कळवलं, अंधार करून मोबाइलचा उजेड अंड्याच्या कडेनं टाका, जिवंत असेल तर आत गुलाबी दिसेल, बारीक लाल रेघा दिसतील.

भर दुपारी, स्वयंपाकघराच्या मागे, मॅनेजर आणि न्हाणीवाली बाई डोक्यावरून कांबळं घेऊन ओंडक्यापुढे ओणवे झालेले पाहून मालकांना काय वाटलं असेल ते मी आजवर विचारलेलं नाही. कांबळ्यात घुसमटायला होत होतं. मी उजेड धरला. साल पुन्हा उचकटायची नव्हती, म्हणून फटीच्या तोंडाशी होती ती चारच अंडी दिसण्यासारखी. पहिलं पिवळट, मळकं. दुसरं तसंच. अक्काचा श्वास माझ्या कानाशी थांबला होता. तिसऱ्यावर उजेड गेला आणि ते आतून गुलाबी पेटलं. त्यात दोऱ्यासारखी लाल रेघ. आणि ती रेघ हलली!

"बघ! बघ! बघ!"

माझ्या कानाचा पडदा शाबूत राहिला हे नशीब. चौथंही गुलाबी. मागची आठ दिसायची सोय नव्हती. पण अक्काचा आवाज परत आला होता, मला तेवढं पुरे होतं.

एप्रिल संपायच्या सुमाराला एका सकाळी नाश्त्याची गडबड होती. नदीवर राफ्टिंगला निघालेला पाहुण्यांचा एक जथा केशरी जॅकेटं चढवून, हेल्मेटं लावून जीपमध्ये बसत होता. मागून अक्काची हाक आली. ती हाक ऐकून मी तर धावलोच, ते सगळे केशरी लोकही उतरून धावले. ओंडक्याभोवती गुडघे टेकून बसले. त्यांचा गाइड शिट्टी वाजवतोय, धरणाचं पाणी सुटलंय म्हणतोय, कुणी ऐकेना.

एका अंड्याला उभी चीर गेली होती. चिरेतून नखाच्या टोकाएवढं डोकं आलं. थांबलं. दमलं असावं. आत परत जातंय की काय असं वाटेपर्यंत थांबलं. मग एक पाय, मग दुसरा. आणि सबंध पिल्लू बाहेर! त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला. हेल्मेटवाल्या एका बाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. अक्का दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हातांच्या आडून हसू फुटत होतं. त्या दिवशी तीन निघाली. दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी एक. बाहेर येऊन घटकाभरात कात टाकायची, ती कात स्वतःच खाऊन टाकायची आणि सालीत दिसेनाशी व्हायची. पाचही गेली. मी तर पेढे आणायला जोयड्याला माणूस पाठवला.

अक्कानं पेढा पदरात बांधून ठेवला. "समदी निगू देत."

तिनं आणखी वीस दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी मला बोलावलं आणि माझ्यासमोर उरलेली अंडी नखानं एकेक फोडली. आत वाळलेलं पिवळं होतं. दोनांत इवलंसं पिल्लू झालेलं होतं, डोळे असलेलं. ती दोन्ही तिनं तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"सात," ती म्हणाली.

मला राहवेना. मी म्हणालो, "अक्का, बाई म्हणतात ती पाच अगदी ताजी घातलेली असणार, म्हणून वाचली. पण तू ती साल उचकटून पाहिली नसतीस तर बाराच्या बारा चुलीत गेली असती. तू पाच वाचवलीस."

"जाळली आसती तर न कळता जाळली आसती, तम्मा. ही सात मी मायेनं मारली." तिनं हात पदराला पुसला. "कोंबडीचं ग्यान मी पालीवर चालवलं. तिला इचारलं न्हाई."

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि मॅनेजर म्हणून ते शोभणारं नव्हतं, म्हणून मी रजिस्टर बघायचं निमित्त करून आत गेलो. दुसरं कुणी असतं तर झाल्या चुकीवर माती टाकून गप्प बसलं असतं. हिनं उलट केलं. दुसऱ्या दिवसापासून ती भेटेल त्याला सांगत सुटली. जीपमध्ये शेजारी बसणाऱ्याला, रेशनच्या रांगेत, कोंबडीचं विचारायला येणाऱ्या बायकांना, आमच्या पाहुण्यांना तर रोजच. त्याच जुन्या चढ्या आवाजात, हातवारे करून, पहिलं डोकं कसं बाहेर आलं तिथपासून सात मी कशी मारली तिथपर्यंत. "माज्या हातचं अंड कवा वाया गेल्यालं न्हाई" हे वाक्य मात्र तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. वाडीतल्या काहीजणी हसायच्या, पालीसाठी कोण एवढं करतं म्हणायच्या. तिला त्याचं काही नव्हतं.

पुढे वडिलांच्या आजारपणामुळे मला रामनगरला परतावं लागलं आणि लॉज सुटलं. निरोपाच्या दिवशी ती आलीच नव्हती, नातीचं बारसं होतं. त्यामुळे आमचा असा निरोप झालाच नाही.

गेल्या वर्षी तहसील कचेरीत काम होतं म्हणून जोयड्याला गेलो होतो. दुपारची वेळ. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीपाशी जळाऊ लाकडांनी भरलेला एक टेम्पो उभा होता, ड्रायव्हर चहा पीत होता. टेम्पोच्या मागच्या चाकावर चढून एक बुटकी म्हातारी लाकडांत हात घालत होती. केस पार पांढरे झालेले, पण लुगडं तसंच गुडघ्यावर खोचलेलं. एकेक सैल साल बोटानं उचलायची, वाकून आत बघायची, पुन्हा जपून बसवायची. मी हाक मारणार तेवढ्यात ड्रायव्हर कप ठेवून ओरडला.

"ए आजी! काय शोधायलीस? उतर खाली. कोन तू?"

बस सुटत होती, कंडक्टर माझ्या नावानं शंख करत होता, आणि ती काय सांगणार ते ऐकल्याशिवाय माझा पाय निघेना. अक्का वळली नाहीसुद्धा. पुढच्या लाकडाची साल उचलता उचलता, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं उत्तर दिलं.

"सात मारल्याली बाई हाय मी. तुज्या गाडीत आठवं नको म्हनून बघतो. तू च्या पी."